चंद्राचे दोन प्रयोग

आपल्याकडे नाटकाला समीक्षक असतो, सिनेमाला असतो, गाण्याच्या बैठकीला असतो. लग्नाच्या जेवणाला तर पंगतीगणिक चार असतात. नाही तो फक्त चंद्राला. चंद्राला कवी मिळाले, ज्योतिषी मिळाले, सिनेमातले गीतकार तर ढिगाने मिळाले, आणि या सर्वांनी मिळून त्याचे इतके कौतुक करून ठेवले आहे की त्याच्या एखाद्या कार्यक्रमाबद्दल ‘हा जरा पडला बुवा’ असे म्हणायची सोयच उरलेली नाही. ही उणीव मी भरून काढायचे ठरवले आहे. माझी पात्रता विचाराल, तर मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीस वर्षे एका बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. पहिल्या गोष्टीमुळे विज्ञानाबद्दल माझ्या मनात कसलाही पूर्वग्रह नाही. दुसरीमुळे रांग या विषयातले मला जे कळते ते भल्या भल्या खगोलशास्त्रज्ञांना कळत नसावे. आणि दुर्बिणीतून चंद्रदर्शनाचा जाहीर कार्यक्रम म्हणजे शेवटी काय असते? बारा आणे रांग आणि चार आणे चंद्र.

ज्या दोन प्रयोगांविषयी मी लिहितो आहे ते २०२३ च्या ऑक्टोबरात, एका आठवड्याच्या अंतराने, आमच्या उपनगरातल्या एकाच शाळेच्या मैदानावर झाले. पहिला शनिवारी २१ तारखेला, सप्तमीला. दुसरा पुढच्या शनिवारी २८ ला, कोजागिरीला. नायक दोन्हीकडे तोच, निर्माते वेगळे. एरवी कोजागिरी इतकी लांबत नाही, पण त्या वर्षी अधिक श्रावण होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी भरते. हा फरक आपले पूर्वज दरवर्षी पुढे ओढत नेत आणि तो महिनाभराचा झाला की एक आख्खा जादा महिना टाकून खाते मिटवत. आमच्याकडे अशा खात्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. पंचांगातले बत्तीस-तेहतीस महिन्यांत मिटते. आमच्या शाखेतले कधी मिटेल ते ब्रह्मदेव जाणे.

त्या दिवसांत लोकांच्या डोक्यात आकाश भरले होते, याला मी साक्षीदार आहे. मे महिन्यापासून माझ्यासमोर दोन हजारच्या नोटा बदलून घेणाऱ्यांची रांग होती; ती मुदत ७ ऑक्टोबरला संपली. त्या नोटेच्या पाठीवर मंगळयान छापलेले. म्हणजे साडेचार महिने लोक मला मंगळयाने आणून देत होते आणि मी त्यांना पाचशेच्या नोटेवरचे लाल किल्ले देत होतो. त्यातच २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. आमच्या शाखेत तेव्हा कॅश टॅली व्हायची होती, पण हेडकॅशियरपासून शिपाईमामांपर्यंत सगळे एका मोबाइलवर वाकलेले. यान अलगद उतरले, टाळ्या झाल्या, आणि मग कॅशही पहिल्या फटक्यात टॅली झाली. हा दुसरा चमत्कार पेपरात आला नाही इतकेच. तेव्हापासून जो तो चंद्राविषयी असा बोलू लागला, की जणू ह्याने तिथे वन बीएचके बुक करून ठेवला आहे.

पहिल्या प्रयोगाचे निर्माते म्हणजे कॉलेजातली चार पोरे. जाहिरात म्हणून शाळेच्या फाटकाला हाताने लिहिलेला एक कागद: ‘आज चंद्र पाहा. फुकट.’ त्या दिवशी जगभरच लोक चंद्र पाहतात, असे त्यातल्या एकाने मला सांगितले. अमेरिकेच्या नासाने २०१० पासून वर्षातली एक संध्याकाळ त्यासाठी लावून दिली आहे, आणि त्या साली ती २१ ऑक्टोबरला होती. तारीख आकाशाच्या दृष्टीने उत्तम, उपनगराच्या दृष्टीने भिकार. नवरात्राची सातवी माळ, शेजारच्या मैदानावर गरबा! वर महिन्यातला तिसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी नाही. त्या दिवशीचा नवरात्राचा रंग राखाडी होता. आमच्या शाखेतला समस्त महिलावर्ग सकाळपासून राखाडी साड्यांत वावरत होता. संध्याकाळी दुर्बिणीतून पाहिले, तर चंद्रही राखाडी. त्याला कोणी कळवले होते कोण जाणे.

प्रेक्षक तीसएक. त्यातले निम्मे गरब्याजवळ स्कूटर लावायला जागा मिळेना म्हणून आलेले. नेपथ्य म्हणाल तर मैदानाच्या कोपऱ्यात दोन दुर्बिणी, एक डुगडुगणारे स्टूल आणि तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मैदानावरचा मोठा दिवा पोरांनी वॉचमनला चहा पाजून बंद करून घेतला होता, तेव्हा प्रकाशयोजनेचे श्रेय त्या चहाला दिले पाहिजे. प्रयोग पाऊण तास उशिरा सुरू झाला, कारण डोळा लावायची भिंगे ज्याच्याकडे होती तो गरब्याच्या गर्दीत अडकला होता. डास विपुल. निवेदन जवळजवळ नाहीच. एक पोरगा काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलत होता, ते पहिल्या दोघांनाच ऐकू जाई.

दोन दुर्बिणींपैकी एक विकतची आणि दुसरी घरी केलेली. प्लायवूडच्या पेटीत टेकवलेली पुठ्ठ्याची जाड नळी. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, कुणीतरी सतरंजी गुंडाळून उभी करून ठेवली आहे. ‘आरसा मी स्वतः घासलाय, काका,’ पोरगा म्हणाला. सहा इंचाच्या दोन जाड काचा घ्यायच्या, एकीवर दुसरी ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचे आणि घासत राहायचे. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. सगळीकडून सारखी घासली जावी म्हणून काच पिंपावर ठेवून आपण पिंपाभोवती फिरायचे. हा पठ्ठ्या रोज कॉलेजातून आल्यावर तासभर, असा तीन महिने पिंपाभोवती फिरत होता. त्याच्या आईला वाटले, पोराला साडेसाती लागली. तेवढ्या प्रदक्षिणा मारुतीला घातल्या असत्या तर साडेसाती केव्हाच गेली असती, पण मग आरसा झाला नसता.

या पेटीवाल्या दुर्बिणीमागे एका संन्याशाची गोष्ट आहे. जॉन डॉब्सन हा कॅलिफोर्नियातल्या वेदान्त मठातला, आपल्या रामकृष्ण संघाचा संन्यासी. त्याला दुर्बिणी करायचा नाद. टाकाऊ काचा, पुठ्ठे, लाकडाचे तुकडे जमवून दुर्बीण करायची आणि रस्त्यावर नेऊन लोकांना दाखवायची. या नादापायी १९६७ साली मठाने त्याला निरोप दिला. मग १९६८ पासून तो आणि त्याचे साथीदार सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवू लागले, ते तो २०१४ साली वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारला तोवर त्याचे वेड काही सुटले नाही. जगभरची हौशी मंडळी आज मोठमोठ्या दुर्बिणी ज्या साध्या पेटीवर बसवतात, तिला त्याचेच नाव आहे. संसार सोडून मठात गेलेले पुष्कळ असतील. चंद्र दाखवण्यापायी मठ सोडावा लागलेला माझ्या माहितीत हा एकटाच.

आमच्या मजल्यावरच्या आजी त्या संध्याकाळी माझ्याबरोबर खाली आल्या होत्या. त्यांचा मुलगा, सून, नात गरब्याला. आमची हीही त्यांच्यातच. आजींचे वय ७८, आणि दोन्ही डोळ्यांत नवी भिंगे बसवून वर्ष झालेले. चंद्राशी त्यांचा संबंध जुना आणि नियमित आहे. लग्न झाल्यापासून त्या संकष्टी करतात. दर महिन्याच्या कृष्ण चतुर्थीला चंद्र उगवेपर्यंत उपाशी राहणे याला खगोलशास्त्रात काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण ज्या बाईने पन्नासाहून अधिक वर्षे सहाशेच्या वर चंद्रोदय भुकेल्या पोटी टिपले, तिला निरीक्षक म्हणायचे नाही तर कुणाला म्हणायचे? ‘चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो,’ असे पोरगा सांगू लागला तेव्हा आजी म्हणाल्या, ‘रोज सारखा नाही हं उशीर करत. काही महिन्यांत फार छळतो.’

पोरगा चपापला. म्हणाला, ‘बरोबर आहे आजी. त्याच्या मार्गाचा क्षितिजाशी कोन बदलतो ना...’

‘कोन नाही कळत मला. पोटाला कळतं.’

मग आजी स्टुलावर बसल्या, डोळा लावला आणि गप्प झाल्या. एक मिनिट झाले, दोन झाली, चार झाली. मधूनमधून पोरगा नळी बोटाने हळूच सरकवून देई, कारण पृथ्वी फिरत असते आणि दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा पुढे सरकून नळीबाहेर निघून जातो. मागे चौघे उभे होते; कुणी ‘चला, आजी’ म्हणाले नाही. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत अशी रांग मी पाहिलेली नाही. अखेर आजींनी विचारले, ‘अरे, उजेड संपतो त्याच्या पलीकडे, काळोखात, हे दाणे दाणे कसले चमकतायत? साबुदाणा सांडल्यासारखे?’

(त्यांच्या सगळ्या उपमा उपासाच्या असतात.)

‘डोंगर आहेत ते, आजी. ॲपेनाइन नावाची रांग आहे. पायथ्याशी अजून रात्र आहे, पण शेंडे खूप उंच आहेत, म्हणून त्यांच्यावर...’

‘ऊन आलंय!’ आजींनी नळीवरून डोळा न काढता वाक्य पुरे केले. ‘म्हणजे पहाट आहे तिथे. आमच्या कोकणातल्या घरासमोर डोंगर होता, त्याच्यावर अस्संच यायचं. माथ्यावर ऊन आणि अंगणात मात्र काळोख. ते ऊन खाली उतरायच्या आत सडा घालून व्हायला हवा, नाहीतर आई ओरडायची.’

पोरगा काही वेळ बोललाच नाही. नंतर त्याने मला बाजूला घेऊन सांगितले की १६०९ च्या अखेरीस गॅलिलिओने आपल्या दुर्बिणीतून हेच ठिपके पाहिले होते. ते मोठे होत होत उजेडाला जाऊन मिळतात हे टिपले होते, आणि १६१० साली छापलेल्या पुस्तिकेत दृष्टान्त दिला होता तोही हाच, सकाळी डोंगरमाथ्यांवर आधी पडणाऱ्या उन्हाचा. तोवर युरोपातले विद्वान चंद्र हा गोटीसारखा गुळगुळीत आहे असे धरून चालले होते. ते ठिपके उजेडापासून किती लांब आहेत हे मोजून गॅलिलिओने डोंगरांची उंचीही काढली. आजींनी उंची काढली नाही. त्यांनी फक्त विचारले, ‘मग हे ऊन खाली कधी उतरेल?’

‘तासाभराने परत या, फरक दिसेल.’

चंद्रावरचा एक दिवस आपल्या साडेएकोणतीस दिवसांचा. तिथली सकाळ अगदी सावकाश सरकते. चंद्राच्या मध्यावर ताशी फक्त पंधरा किलोमीटर. म्हणजे सायकलवर आरामात जाणाऱ्या माणसाला सूर्योदयाबरोबर राहता येईल. पृथ्वीच्या विषुववृत्तावर हाच वेग ताशी सोळाशेच्या वर आहे, तिथे विमान लागेल. हे गणित मी खुर्चीत बसून डास मारता मारता मनातल्या मनात पडताळून पाहिले, बरोबर आले. तासाभराने आजी पुन्हा स्टुलावर बसल्या. ‘हा दाणा नव्हता मघाशी,’ त्या म्हणाल्या. ‘आणि हे दोन चिकटले एकमेकांना.’

समीक्षक म्हणून माझे मत विचाराल, तर या प्रयोगाची सगळी ताकद सावलीत होती. उजेड आणि काळोख जिथे मिळतात त्या कडेवर प्रत्येक खड्ड्याची एक भिंत उजळलेली आणि दुसरी काळी ठिक्कर. मधल्या उंचवट्याची सावली खड्ड्याच्या तळावर लांबच लांब पडलेली. बाकीचा चंद्र तिथे नुसता साथीला होता.

दुसऱ्या प्रयोगाचे निर्माते म्हणजे एक मंडळ. नाव सांगत नाही; त्यांच्या अध्यक्षांचे आमच्या शाखेत खाते आहे. महिन्यातला चौथा शनिवार, बँकेला सुट्टी, लख्ख आकाश, पौर्णिमा. चौकात पंधरा फुटी फ्लेक्स: ‘भव्य चंद्रदर्शन, मसाला दूध आणि चंद्रगीते’. त्यावर सात चेहरे आणि एक चंद्र. चंद्र सगळ्यात लहान. दुर्बिणी तीन. त्यातल्या दोन त्या पोरांच्याच, मानधन म्हणून एकेक ग्लास जास्त दूध.

पण दुधाचेच त्रांगडे झाले होते. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. रात्री एक वाजून पाच मिनिटांनी स्पर्श. म्हणजे नऊ तास आधी, दुपारी चारपासूनच वेध. मंडळात तीन गट पडले. पहिला म्हणाला, वेधात दूध वाटायचे नाही. दुसरा म्हणाला, दूध आणून झाले आहे. तिसऱ्याचा तोडगा असा, की ग्रहण सुटल्यावर, दोन चोवीसनंतर वाटावे. शेवटी पातेल्यात तुळशीची पाने टाकून साडेआठला वाटप सुरू करण्याचा ठराव बहुमताने संमत झाला. या विषयावर माइकवरून अर्धा तास चर्चा झाली. तेवढा वेळ वर चंद्र उभा होता, त्याला कोणी विचारले नाही.

मग निवेदक. निवेदकांनी पृथ्वीपासून चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे हे तीनदा सांगितले आणि व्यास ३,४७४ किलोमीटर आहे हे दोनदा. आकडे बिनचूक होते. मी बँकेतला माणूस, आकड्यांना नावे ठेवणार नाही. पण पान मांडून पंगत बसलेली असताना जिलबी वाढायची सोडून तिची कृती माइकवरून वाचावी, तसे ते चालले होते. दोन आकड्यांच्या मध्ये चंद्रगीते. हिंदी सिनेमावर चंद्राचे किती कर्ज आहे याचा हिशेब त्या रात्री प्रथमच माझ्या लक्षात आला, बुडीतच म्हणायचे.

उद्घाटनाला माजी नगरसेवक होते. (महापालिकेची मुदत संपून निवडणुका लांबलेल्या, त्यामुळे तेव्हा सगळेच माजी होते आणि त्या शब्दात कमीपणा राहिला नव्हता.) शाल झाली, श्रीफळ झाले, भाषण झाले. भाषणाआधी पोराने चंद्र नळीच्या बरोबर मधोमध आणून ठेवला होता. भाषण बावीस मिनिटांचे. दोन मिनिटांचा हिशेब मी वर सांगितलाच आहे. साहेब आले, डोळा लावला, तीन बाजूंनी फोटो निघाले. ‘वा! अप्रतिम! जीवनात एकदा तरी पाहावं असं दृश्य!’ साहेब गेल्यावर पोराने डोळा लावला. आत काळेभोर आकाश. चंद्राने केव्हाच सभात्याग केला होता.

त्यानंतर रांग. माझ्या अंदाजाने साडेचारशे माणसे, तीन दुर्बिणी आणि दोन तास. भागाकार केला तर माणशी अठ्ठेचाळीस सेकंद येतात, म्हणजे दर वाईट नाही. पण त्यातून वजावटी बऱ्याच होत्या. स्टुलावर चढणे, दुधाचा ग्लास कुणाच्या तरी हातात देणे, चष्मा कपाळावर सरकवणे, ‘कुठे लावायचा डोळा?’ असे विचारणे, दुसरा डोळा हाताने मिटून धरणे. आणि यानंतर जे उरे ते मोबाइलला. लोक डोळ्याआधी मोबाइल लावत होते. भिंगावर मोबाइल टेकवायचा, हात हलला की चंद्र गायब, पुन्हा शोधायचा, फोटो आला की ‘आला! आला!’ म्हणून उतरायचे. चंद्र पाहायचा राहूनच गेला, हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हते. ज्यांनी खरोखर पाहिला त्यांच्या तोंडून बाहेर पडताना एकच वाक्य: ‘फोटोत दिसतो तसाच आहे.’

आणि, वाचकहो, ते वाक्य खरे होते. हीच तर माझी तक्रार आहे. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून, चंद्राच्या थेट तोंडावर उजेड टाकतो. सावली पडायला जागाच राहत नाही. खड्डे बुजल्यासारखे दिसतात, डोंगर सपाट. आधार कार्डावरचा फोटो आठवा: माणूस तोच, नाक-डोळे जागच्या जागी, आणि तरीही ओळखीचे काही शिल्लक नाही. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून असा दिसतो. शिवाय उजेड असा की डोळे दिपतात. अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असेल, असे कोणताही हिशेबी माणूस धरून चालेल. प्रत्यक्षात तो दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो, कारण अर्ध्या चंद्राच्या अंगावर सावल्याच सावल्या असतात. पौर्णिमेला दुर्बिणीतून पाहून उतरलेला माणूस मिनिटभर एका डोळ्याने आंधळा असतो. दोघेजण तर दुधाच्या टेबलावर जाऊन आदळले.

नायकाला दोष देता येत नाही. त्याला दिलेली भूमिकाच चुकीची होती. पौर्णिमेच्या चंद्राचे काम गच्चीवर बसून, नुसत्या डोळ्याने, गप्पा मारता मारता बघण्याचे आहे, आणि त्यात त्याच्या तोडीचा नट नाही. त्याला नळीत कोंबायचे कशाला? नाही म्हणायला त्या रात्री दाखवण्यासारखे दोन ऐवज होते. एक, दक्षिणेकडचे टायको नावाचे विवर. पंच्याऐंशी किलोमीटर रुंद, आणि त्यातून निघालेले पांढरे पट्टे शेकडो किलोमीटर पसरलेले, रांगोळीचे बोट झटकल्यासारखे. हे पट्टे पौर्णिमेलाच उत्तम दिसतात. दुसरा, चंद्राच्या अगदी शेजारी असलेला गुरू आणि त्याचे चार चंद्र. पण फ्लेक्सवर गुरूचे नाव नव्हते. पोराने एकदा नळी तिकडे वळवली, तर कार्यकर्ते धावत आले: ‘ए, मेन आयटम हलवू नकोस!’

प्रश्न मात्र भरपूर आले. सगळ्यांत जास्त वेळा, ‘अमेरिकेचा झेंडा दिसतो का?’ दिसत नाही. झेंडा दीड मीटरचा आणि सहा इंची दुर्बिणीतून चंद्रावरची जेमतेम दोनएक किलोमीटरची वस्तू ओळखू येते. झेंडा पाहायचा म्हणजे मुंबईत बसून साताऱ्यातली मोहरी पाहण्यासारखे आहे. ‘मग आपला विक्रम?’ तोही नाही. एक गृहस्थ यावर इतके नाराज झाले, की ग्लासातले दूध टाकून निघून गेले. दोन महिन्यांपूर्वी मी नोटा बदलून दिल्या नव्हत्या तेव्हाही ते असेच गेले होते.

विक्रमवरून आठवले. चांद्रयान-३ उतरले तो २३ ऑगस्ट म्हणजे श्रावण शुद्ध सप्तमी होती. पोरांच्या प्रयोगाची तिथीही सप्तमीच. हा योगायोग नाही. उतरायच्या जागी नुकतीच सकाळ झालेली हवी, म्हणजे यानाच्या पट्ट्यांना पुढचे चौदा दिवस ऊन मिळते, असा इस्रोचा हिशेब होता. ऊन तिरपे, सावल्या लांब, सकाळची वेळ. एवढे मोठे यान पाठवणाऱ्यांनी पौर्णिमेचा मोह धरला नाही; आपल्या मंडळांना तो सुटत नाही, कारण सप्तमीला दूध नसते. माझी सूचना साधी आहे. दुर्बिणी नवरात्रातल्या सप्तमी-अष्टमीला लावाव्यात, त्या गरब्याच्या मैदानाच्या दाराशीच, डॉब्सनसारख्या फुटपाथवर. माइक लावू नये. नाचून दमलेली माणसे पाणी प्यायला बाहेर येतातच. दहा आली तरी चालतील, पण त्या दहांच्या मागे ‘चला, चला, पुढे चला’ म्हणणारा कार्यकर्ता उभा नसावा. मी काउंटरवर रोज हेच ऐकतो. नोट मोजणाऱ्याला घाई करता येते. पाहणाऱ्याला करू नये.

कोजागिरीच्या रात्री साडेदहाला मैदान रिकामे झाले. खुर्च्यांवर खुर्च्या चढल्या, पातेली घासायला गेली, फ्लेक्सवरचे सात चेहरे गुंडाळले गेले. एक वाजता तिथे ती चार पोरे, वॉचमन आणि मी. लक्ष्मी या रात्री ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते म्हणतात. बँकेतला माणूस म्हणून मी तिथे तिची वाट पाहत थांबलो होतो, असे समजा. एक वाजून पाच मिनिटांनी चंद्राच्या कडेला काळा डाग लागला. हळूहळू वाढून व्यासाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा झाला. त्या डागाची कड वाकडी होती, गोल वस्तूच्या सावलीची असते तशी. पौर्णिमेच्या चंद्रावर सबंध रात्रीत एकच सावली पडली, आणि ती आपली होती. साडेचारशेतले कुणी ती बघायला नव्हते. वॉचमन मात्र स्टुलावरून उठायला तयार नव्हता.

आजी त्या दिवशी आल्या नव्हत्या. ग्रहणात त्या बाहेर पडत नाहीत. पण १ नोव्हेंबरला संकष्टी होती. दुपारीच त्यांनी मला निरोप धाडला, की त्या पोराला त्याची सतरंजी घेऊन बोलाव, आमची गॅलरी पूर्वेला आहे. दुर्बीण लिफ्टमध्ये मावली नाही, तीन मजले खांद्यावरून आणली. नऊच्या सुमारास समोरच्या इमारतीमागून चंद्र वर आला. आजींनी त्याला हळद-कुंकू वाहिले, नैवेद्य दाखवला आणि थेट दुर्बिणीकडे आल्या. खूप वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, ‘त्या दिवशी ऊन येत होतं ते ह्याच बाजूला ना रे? आज काळोख ह्याच बाजूने आत येतोय. म्हणजे आता तिथे संध्याकाळ.’

‘हो, आजी. ह्या कडेवर सूर्य मावळतोय.’

‘मग थांब जरा,’ आजी म्हणाल्या, ‘शेंड्यांवरचं ऊन शेवटी जातं. ते जाईपर्यंत बघते.’

आत पानावर मोदक निवत होते. वरण दोनदा गरम करावे लागले. रात्री पावणेअकराला आजींनी उपास सोडला, आणि त्यांची सून तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही.